पान सुकायच्या आधी ताण ओळखायचा कसा: पर्णरंध्रं घरी बघायची रीत, आणि आत जनुकं काय करत असतात

कुंडी असो की शेत, आपण सगळे एकच खूण बघून पाणी देतो, पानांनी माना टाकल्या की नळी सोडायची. पण ही खूण उशिराची आहे. मान टाकायच्या बऱ्याच आधी पानाची रंध्रं मिटायला लागलेली असतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत जाणं कमी झालेलं असतं, अन्न बनणं मंदावलेलं असतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला मात्र झाड मस्त हिरवंगार दिसत असतं. हा मधला काळ पकडायचा कसा ते इथे लिहितोय. सामान फार नाही: पारदर्शक नेलपॉलिश, सेलोटेप, शाळेत असतो तसला मायक्रोस्कोप, किचनमधला डिजिटल काटा, व्हॅसलीन, आणि कोरोनात घेतलेली ती तापमान बघायची गन घरात कुठेतरी पडली असेल तर ती शोधून ठेवा. जनुकं काही घरी दिसणार नाहीत, त्याला लॅब लागते, पण त्यांनी केलेलं काम दिसतं, आणि कुठलं काम मिनिटांत होतं, कुठलं तासांत आणि कुठलं आठवड्यांत हे माहीत असलं की काय मोजायचं आणि कधी मोजायचं ते आपोआप ठरतं.

आधी आतलं थोडं

रंध्र म्हणजे पानाच्या त्वचेतलं बारीक भोक आणि त्याच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी. पेशींमध्ये पाणी भरलं की त्या फुगतात आणि बाहेरच्या बाजूला वाकतात, सायकलची ट्यूब हवा भरल्यावर वाकते तशा, आणि मधे फट पडते. पाणी निघून गेलं की पेशी ढिल्या आणि फट बंद. पाणी आत ओढायचं काम मुख्यतः पोटॅशियम करतं, म्हणून पालाश म्हणजे हेच पोटॅशियम कमी पडलेल्या पिकाची रंध्रं उघडायला-मिटायला सुस्त होतात. सगळी भोकं एकत्र केली तरी पानाच्या क्षेत्रफळाच्या एक-दोन टक्के भरतील, पण पानातून जे पाणी उडतं त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त तिथूनच जातं.

आता ताण आला की काय होतं. मातीतलं पाणी घटलं की झाडात एबीए म्हणजे अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड नावाचं संप्रेरक वाढतं, ते बनवायच्या वाटेवरचं एनसीईडी-३ नावाचं जनुक जोरात चालू होतं. रक्षक पेशीत पुढची सगळी प्रथिनं आधीपासून तयार बसलेली असतात. एरवी पीपी२सी नावाची प्रथिनं ओएसटी-१ नावाच्या, रंध्र मिटवायचा हुकूम देणाऱ्या प्रथिनाला दाबून ठेवतात. एबीए आलं की ते आपल्या ग्राहक प्रथिनाला म्हणजे एबीए ओळखून धरणाऱ्या प्रथिनाला चिकटतं, तो ग्राहक जाऊन पीपी२सीलाच धरून बसतो, ओएसटी-१ मोकळं सुटतं आणि स्लॅक-१ नावाचा पेशीच्या पापुद्र्यातला मार्ग उघडतं, त्यातून क्लोराइडसारखे आयन बाहेर, त्यांच्या मागे पोटॅशियम बाहेर, त्याच्या मागे पाणी बाहेर, झालं बंद. हे सगळं मिनिटांचं काम आहे, नवीन प्रथिन बनायची वाट बघावी लागत नाही. गंमत म्हणजे हे सगळं आपल्याला कळून फार वर्षं झालेली नाहीत, स्लॅक-१ २००८ मध्ये सापडलं आणि एबीएचे हे ग्राहक २००९ मध्ये, तेही मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस नावाच्या एका किरकोळ तणासारख्या रोपात. ज्या टोमॅटोंमध्ये एबीए नीट बनतच नाही असे फ्लाका, सिटिएन्स नावाचे प्रकार लॅबमध्ये सांभाळलेले आहेत, त्यांची रंध्रं मिटतच नाहीत, मुळाशी पाणी असलं तरी ऊन चढलं की झाड लोळतं.

दुसरा वेग तासांचा. यात खरोखर जनुकं चालू-बंद होतात, डीआरईबी नावाची नियंत्रक प्रथिनं आरडी२९ए सारख्या बऱ्याच जनुकांना एकदम जागं करतात, आणि पेशीत साखरा, प्रोलिन, पेशींची मोडतोड थांबवणारी प्रथिनं जमायला लागतात. यातला एक भाग मला सगळ्यात भारी वाटतो तो म्हणजे आठवण. एकदा सुकून सावरलेलं रोप पुन्हा सुकवलं तर काही जनुकं पहिल्यापेक्षा जास्त जोरात चालू होतात, कारण डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर केलेल्या रासायनिक खुणा मधल्या काळात पुसल्या गेलेल्या नसतात. रोपवाटिकावाले लागवडीच्या आधी काही दिवस पाणी तोडून रोपं हार्डन करतात त्यातही हा हिशोब थोडाफार असणार.

तिसरा वेग आठवड्यांचा. तयार पानावरची रंध्रं काही वाढत-घटत नाहीत, ती संख्या पान कोवळं असतानाच पक्की होते. पण मोठी पानं हवा-उजेड जोखतात आणि नव्या पानांना निरोप देतात, त्यावरून नव्या पानावर किती रंध्रं काढायची ते ठरतं. हे ठरवणारी मुख्य जनुकं तीन, स्पीचलेस, म्यूट आणि फामा, यातलं एक जरी बिघडलं तरी धड रंध्रं तयार होत नाहीत, आणि यांना आवर घालणारी ईपीएफ नावाची छोटी प्रथिनं वेगळी. केंब्रिजला वनस्पतिसंग्रहात वाळवून ठेवलेली जुनी पानं तपासून वुडवर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये दाखवलं की गेल्या दोनशे वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तशी तिथल्या झाडांच्या पानांवरची रंध्रं साधारण ४० टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे जुन्या वहीत दाबून ठेवलेलं पानसुद्धा पुरावा असतं.

तर मिनिटांचं काम बघायचं असेल तर पानाचं तापमान आणि ठसा, दिवसांचं बघायचं तर काटा, आणि आठवड्यांचं बघायचं तर नव्या पानावरची मोजणी. तासांचं घरी दिसत नाही, ते सोडून द्या.

ठसा घ्यायचा कसा

पान निवडणं अर्धं काम आहे. गुळगुळीत पान घ्या: रिओ म्हणजे ते जांभळ्या पोटाचं शोभेचं झाड सगळ्यात सोपं, त्याशिवाय पालक, लिली, चवळी, मका, ज्वारी. लव असलेली पानं टाळा, ठसा फाटतो, टोमॅटोवर म्हणून जरा वैताग येतो. कण्हेर तर अजिबात नको, तिची रंध्रं पानाच्या पोटाशी खड्ड्यांत असतात आणि खड्ड्यांवर केस, काहीच दिसणार नाही आणि तुम्हाला वाटेल आपलंच चुकलं. आंबा, पिंपळ यांची रंध्रं फक्त खालच्या बाजूला, ज्वारी-मका-ऊस यांची दोन्ही बाजूंना, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या कमळाच्या पानाची वरच्या बाजूला. गवतवर्गीय पिकांत रक्षक पेशी डंबेलच्या आकाराच्या आणि ओळीत असतात, बाकीच्यांत घेवड्याच्या दाण्यासारख्या, हा फरक पहिल्याच स्लाइडवर दिसतो.

पान तोडू नका. हे परत सांगतो कारण सगळे तिथेच घाई करतात, तोडलेल्या पानाची रंध्रं काही मिनिटांत हलायला लागतात आणि मग तुम्ही झाडाची अवस्था नाही, तोडण्याची अवस्था बघता. झाडावरच, मधली शीर आणि कड यांच्या मधोमध, नखाएवढ्या जागेवर नेलपॉलिशचा पातळ थर द्या. पातळ म्हणजे खरंच पातळ, जाड थर वरून वाळतो आणि आतून चिकट राहतो. पाच ते दहा मिनिटं वाळू द्या, पावसाळ्यात जास्त. मग वरून सेलोटेप दाबायचा, हळू सोलायचा, आणि काचपट्टीवर चिकटवायचा. काचपट्टीवर लगेच झाड, पान, बाजू, तारीख, वेळ लिहा, नंतर लिहू म्हटलं की सगळे ठसे सारखेच दिसतात.

मायक्रोस्कोपमध्ये आधी १०च्या भिंगाने जागा शोधा, मग ४०चं लावा. उजेड कमी ठेवा, डायफ्राम बंद करत आणा, ठशाला रंग नसतो त्यामुळे भगभगीत उजेडात काहीच दिसत नाही. मायक्रोस्कोप नसेल तर स्टॅनफोर्डच्या मनू प्रकाश यांच्या गटाने काढलेला तो कागदी फोल्डस्कोप चालतो, साधारण १४० पट मोठं दिसतं, त्यावर रंध्रं मोजता येतात पण फट किती उघडी ते नीट कळत नाही.

एक मर्यादा लक्षात असू द्या. नेलपॉलिशमधलं द्रावण स्वतःच पेशींना थोडं हलवतं, त्यामुळे फट किती मायक्रॉन उघडी वगैरे दावे या ठशावरून करू नका. संख्या मोजायला हा ठसा उत्तम, उघड्या-मिटलेल्याची तुलना करायला कामचलाऊ. लॅबवाले त्यासाठी दाताचे डॉक्टर वापरतात तसलं सिलिकॉन आधी लावतात.

मोजणी, आणि त्यातली फसगत

दिसणाऱ्या गोलात किती रंध्रं हे मोजून उपयोग नाही, तो गोल किती मोठा ते माहीत पाहिजे. ४च्या भिंगाखाली पारदर्शक पट्टी ठेवा आणि गोलाचा व्यास मिलिमीटरमध्ये वाचा, समजा ४.५ मिमी आला, तर ४०च्या भिंगाला तो दहापट लहान म्हणजे ०.४५ मिमी. त्याचं क्षेत्रफळ जवळपास ०.१६ चौरस मिमी. गोलात २४ रंध्रं दिसली तर २४ भागिले ०.१६, म्हणजे दर चौरस मिमीला १५०. बऱ्याच पिकांचे आकडे शंभर ते तीनशेच्या आसपास येतात, तुमचा आकडा दहा-पंधरा किंवा दोन-तीन हजार आला तर व्यास परत मोजा. एका पानावर तीन-चार जागा आणि निदान तीन पानं, सगळी शेंड्यापासून त्याच क्रमांकाची, म्हणजे सगळी तिसरी किंवा सगळी चौथी.

आता फसगत. ताणात वाढलेल्या नव्या पानावर दर चौरस मिमीला रंध्रं उलट जास्त निघू शकतात. लोक मग गोंधळतात, की अरे पाणी कमी म्हणून झाडाने भोकं वाढवली? तसं नाही, पाणी नसल्यामुळे पेशी फुगल्याच नाहीत, पान लहान राहिलं, आणि तेवढीच रंध्रं कमी जागेत दाटीने बसली. म्हणून गोलातल्या बाकीच्या त्वचापेशीही मोजायच्या आणि निर्देशांक काढायचा: रंध्रं भागिले रंध्रं अधिक बाकी पेशी, गुणिले १००. २४ रंध्रं आणि ९६ पेशी असतील तर निर्देशांक २०. घनता बदलली आणि निर्देशांक तोच राहिला तर फक्त पानाचा आकार बदललाय, निर्देशांकच हलला तर मगच म्हणायचं की रंध्रं काढायच्या जनुकांच्या कामात फरक पडला. पेशी मोजायचा कंटाळा येतो हे खरंय, फोटो काढून मोबाइलवर बोटाने टिंबं देत मोजा, जरा सुसह्य होतं.

काट्यावरची परीक्षा

मला विचाराल तर सगळ्या पद्धतींत ही सगळ्यात प्रामाणिक. सारख्या वयाची, सारख्या मातीतली दोन रोपं घ्या, चवळी घ्या, पटकन वाढते. संध्याकाळी दोन्हींना खालून गळेपर्यंत पाणी द्या, रात्रभर निथळू द्या. सकाळी कुंडीचा वरचा भाग प्लास्टिकच्या पिशवीने खोडाभोवती सैलसर बांधून झाका म्हणजे मातीतून उडणारं पाणी थांबेल आणि वजन घटेल ते फक्त पानांतून गेलेल्या पाण्यामुळे. रोज सकाळी आणि संध्याकाळी वजन. पहिल्या कुंडीला जेवढं घटलं तेवढं रोज परत द्यायचं, दुसरीला काहीच नाही.

समजा पहिल्या दिवशी पाणी मिळणारीचं १२० ग्रॅम घटलं आणि दुसरीचं ११०, म्हणजे प्रमाण ०.९२, हा त्या दोन रोपांच्या आकारातला फरक झाला. काही दिवसांनी पहिलीचं १३० आणि दुसरीचं ८४ घटलं, प्रमाण ०.६५, त्याला ०.९२ने भागलं की ०.७ येतं. म्हणजे दुसरं रोप आता तीस टक्के कमी पाणी सोडतंय, रंध्रं मिटायला लागली, आणि त्या दिवशी दोन्ही रोपं शेजारी ठेवून घरातल्या कुणालाही विचारा कुठलं तहानलेलं आहे, सांगता येणार नाही. बऱ्याच पिकांत रोपाला घेता येण्यासारख्या पाण्यातलं साधारण एक तृतीयांश उरलं की ही घसरण सुरू होते, तोपर्यंत झाड फारशी काटकसर करत नाही. भारी काळ्या जमिनीत आणि मुरमाड जमिनीत हा दिवस वेगवेगळा येतो ते याचमुळे, झाड तेच असलं तरी.

पिशवी आठवडाभराच्या वर ठेवू नका, मुळांना हवा लागते.

तापमानाची गन

रंध्रं उघडी असली की पाणी उडतं आणि पान थंड राहतं, मिटली की तापतं. वर सांगितलेल्या ओएसटी-१चं जनुक २००२च्या सुमारास असंच सापडलं, हजारो रोपं सुकवून थर्मल कॅमेऱ्याखाली ठेवली आणि ज्यांची पानं सुकवूनही थंड दिसली, म्हणजे रंध्रं मिटतच नव्हती, ती उचलली.

कॅमेरा नाही पण गन आहे. तिचं कपाळाचं सेटिंग बदलून पृष्ठभागाचं करा, कपाळाच्या सेटिंगवर ती आकडा माणसाच्या अंगाच्या हिशोबाने ओढूनताणून दाखवते. आता एकाच झाडावरची, सारखं ऊन पडणारी तीन पानं धरा. एका पानाला दोन्ही बाजूंनी व्हॅसलीन लावा, ते पूर्ण बंद पान. दुसऱ्यावर मोजायच्या आधी पाणी फवारा, ते पूर्ण उघडं पान. तिसरं आपलं खरं. बंद पान ३८ अंश, ओलं २८ आणि खरं ३५ आलं तर ३५ वजा २८ म्हणजे ७, भागिले दोन टोकांतला फरक १०, उत्तर ०.७. शून्याच्या जवळ असेल तर झाड निवांत, एकच्या जवळ असेल तर रंध्रं जवळजवळ मिटलेली. ताण तापमानावरून आकड्यात मोजायची ही कल्पना १९८१ मध्ये अ‍ॅरिझोनात फिनिक्सच्या शास्त्रज्ञांनी पिकांसाठी मांडली, व्हॅसलीन आणि ओल्या पानाची युक्ती तिचंच साधं रूप. स्वच्छ ऊन, वारा कमी, दुपारी बारा ते दोन, आणि गन पानापासून चार बोटांवर म्हणजे मागची माती तिच्या टप्प्यात येणार नाही, ढग आला की थांबा.

कोबाल्ट क्लोराइडचा निळा कागद गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते बघायचा अकरावीतला प्रयोग बऱ्याच जणांना आठवत असेल, तोही चालतो पण दमट हवेत कागद आपला आपणच गुलाबी होतो आणि कोबाल्ट आरोग्याला वाईट, हातमोजे घाला आणि मुलांच्या हातात देऊ नका. मी तरी आता तो काढत नाही.

रात्री उघडणारी

वरचं सगळं पानफुटी, कोरफड, ड्रॅगन फ्रूट, अननस यांना लावू नका. यांची रंध्रं दिवसा मिटलेली आणि रात्री उघडी, रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड ते आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा वापरतात. पानफुटीचं पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतं हे बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी दोनशे वर्षांपूर्वी भारतातच चाखून नोंदवलं होतं. तुम्ही चाखू नका, त्या पानात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, त्यापेक्षा पीएच पट्टी घ्या. पहाटे एक पान चुरडून रस पट्टीवर, त्याच झाडाचं दुसरं पान संध्याकाळी पाचला, दोन पट्ट्यांचे रंग शेजारी धरून बघा. ठसा घ्यायचा तर रात्री नऊनंतर टॉर्च लावून.

वाचताना कुठे चुकतं

रंध्रं मिटली म्हणजे पाणीच कमी असं नाही. हवा फार कोरडी आणि गरम असेल, विदर्भातला मे महिना धरा, तर वाफसा उत्तम असलेल्या जमिनीतही दुपारी रंध्रं अर्धी मिटतात, कारण पान सोडेल त्या वेगाने मुळांकडून पुरवठा होत नाही. तिथे अजून पाणी ओतून फरक पडत नाही, सावलीची जाळी आणि आच्छादन याने पडतो. दोडका, भोपळा, काकडी दुपारी माना टाकतात आणि सूर्य कलला की सावरतात, त्यांचं दुपारचं ऐकू नका, सूर्योदयाच्या आधी बघा, तेव्हाही पान लोंबतंय तर खरा ताण.

सगळ्यात घातक गोंधळ पाणी साचल्यावर होतो. मुळांना प्राणवायू मिळत नाही, मुळं पाणी ओढत नाहीत, रंध्रं मिटतात, पान लोंबतं, आणि बघणारा म्हणतो सुकलंय, घाला अजून पाणी. कुंड्या जास्तकरून अशाच मरतात. गन किंवा ठसा तुम्हाला इतकंच सांगतात की रंध्रं मिटली आहेत, कारण सांगत नाहीत, कारणासाठी बोट मातीत घालावंच लागतं.

उष्णता आणि दुष्काळ एकत्र आले की झाडाची खरी पंचाईत, गार राहायचं तर रंध्रं उघडायला हवीत आणि पाणी वाचवायचं तर मिटायला. नुसत्या उष्णतेचा प्रयोग आणि नुसत्या कोरडेपणाचा प्रयोग वेगळा करून दोन्हींची बेरीज केली तर उत्तर जुळत नाही, त्यामुळे घरीही एका वेळी एकच गोष्ट बदला.

शेतात हे कुठे लागतं

डाळिंबवाल्यांना ताण हा शब्द नव्याने सांगायला नको, बहार धरायचा तर पाणी तोडून बागेला मुद्दाम ताण द्यायचा, पानगळ करायची, मग छाटणी आणि पाणी. विदर्भात संत्र्याच्या आंबिया आणि मृग बहारालाही तेच. अडचण एवढीच की ताण बसला का नाही हे बहुतेक जण पानाच्या रंगावरून ठरवतात आणि पिवळेपणा दिसायला वेळ लागतो. हलक्या जमिनीत ताण पटकन बसतो, भारीत रेंगाळतो, मधे एखादा पाऊस येऊन सगळं विस्कटतो. गन आणि व्हॅसलीनची पद्धत इथे दर दोन-तीन दिवसांनी दुपारी केली तर ०.२, ०.४, ०.७ असा चढ दिसतो, आणि एकाच बागेतला वरचा कोपरा आणि ओढ्याकडचा कोपरा यातला फरकही दिसतो. कुठल्या आकड्याला छाटणी धरायची हे मात्र तुमच्या बागेचं तुम्हीच एक-दोन हंगाम नोंदी ठेवून ठरवा, तयार आकडा कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

जळगावकडे टिश्यू कल्चर केळीची रोपं लावणाऱ्यांसाठी अजून एक. बाटलीत शंभर टक्क्यांच्या जवळपास आर्द्रतेत वाढलेल्या रोपाची रंध्रं नीट मिटायला शिकलेलीच नसतात आणि पानावरचा मेणाचा थरही पातळ असतो, म्हणून तर बाटलीतून काढल्यावर हरितगृहात, मग शेडनेटमध्ये असं टप्प्याटप्प्याने त्यांना बाहेरच्या हवेची सवय लावतात. रोपं घेताना एक जुनं पान आणि एक नवं पान तोडून थोडा वेळ सावलीत ठेवा, नवं पानही जुन्याइतकंच झपाट्याने मलूल होत असेल तर रोपं अजून कच्ची आहेत, थांबा. पान तोडू नका म्हणालो होतो ते ठशासाठी, इथे तोडणंच प्रयोग आहे.

अवर्षणात केओलिन ८ टक्के बाष्परोधक म्हणून किंवा पोटॅशियम नायट्रेट १ टक्का फवारा असा सल्ला येतो. दोन्हींचं काम वेगळं आहे. केओलिन पांढरा थर देऊन उजेड परतवतं आणि पान कमी तापतं, पोटॅशियम रक्षक पेशींना लागतं. फवारल्यावर गनने मोजायचं तर लक्षात ठेवा की केओलिनने पान थंड दिसेल, रंध्रं उघडली म्हणून नव्हे.

जनुकांच्या बातम्या वाचताना

दुष्काळावर मात करणारं जनुक सापडलं अशी बातमी दर थोड्या दिवसांनी येते. आता तुम्हाला विचारायचे प्रश्न माहीत आहेत: हे जनुक कुठल्या वेगाचं, मिटवणारं, साठवणारं की नव्या पानाची रंध्रं ठरवणारं? आणि रंध्रं मिटली तेव्हा दाण्याचं काय झालं? कारण रंध्र मिटवून नुसतं जगणं सोपं आहे, तेवढ्या वेळात अन्न बनत नाही, आणि आपल्याला ज्वारीचं कणीस भरलेलं हवंय. दुष्काळात हिरवी राहणारी ज्वारी, जिला स्टे-ग्रीन म्हणतात, तिचा बराच फायदा फुलोऱ्याआधी पानोरा कमी ठेवून पाणी मागे उरवण्यातून येतो असं दिसलंय, म्हणजे तिथे नुसतं मिटण्याचं काम नाही, आधीपासूनचं नियोजन आहे.

चांगली उदाहरणंही आहेत. आयआर६४ या भातात ईपीएफ-१ जास्त प्रमाणात बनवून रंध्रं कमी केली तेव्हा त्या रोपांना पाणी कमी लागलं, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे मे २०२५ मध्ये जनुकीय संपादन केलेले भाताचे दोन वाण जाहीर झाले, त्यातला पुसा डीएसटी राइस १ दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने एमटीयू १०१० या वाणापासून केला. त्यात बाहेरचं जनुक घातलेलं नाही, भाताचंच डीएसटी नावाचं जनुक बंद पाडलंय, ते चालू असताना रंध्रं उघडी राहायला मदत करतं, बंद पाडलं की रंध्रं जास्त मिटतात आणि पानावर त्यांची संख्याही कमी होते. वाणाच्या दाव्यांवरून वाद झालेत ते वेगळे. पण असा वाण आणि मूळ वाण शेजारी लावायची वेळ आली तर फक्त दुष्काळी वाफ्यात बघू नका, भरपूर पाणी असलेल्या वाफ्यातही दोघांचं पानाचं तापमान, निर्देशांक आणि शेवटी दाण्याचं वजन घ्या, चार वाफे, दोन वाण, दोन पाणी, आणि काठावरच्या ओळी मोजणीतून वगळा कारण त्यांना ऊन-वारा जास्त लागतो.